गड पायांनी चढावा

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी, सायंकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "डॉक्टर, पंधरा-वीस मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या." नांदेडला इतकी वर्षं दवाखाना चालवते आहे म्हटल्यावर मी मधुमेहावर नाहीतर रक्तदाबावर बोलणार, अशी तुमची समजूत असेल. तेही थोडं बोलणारच आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत उद्या सकाळी एकच ओळ छापली आहे : 'गडदर्शन'. कसं जायचं, ते काही छापलेलं नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी विचारपूस केली, तर कळलं की जीपा सांगून ठेवल्या आहेत. म्हणून म्हटलं, आपण आपल्या गडावरच बोलू. निदान ज्यांचे पाय अजून चालतात, त्यांच्या जीपा रद्द झाल्या तरी माझं बोलणं सार्थकी लागलं असं समजेन.

माहूरच्या माणसाला माहूर सांगायचं म्हणजे आजीला आजोळ सांगण्यासारखं आहे. पण आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक पुणे, मुंबई, संभाजीनगर, हैदराबादला राहतात. सोबत सुना-जावई, नातवंडं आली आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं गाव नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेच्या टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. गावाभोवती डोंगर आहेत आणि त्यांतली तीन शिखरं महत्त्वाची : एकावर आई रेणुका, एकावर दत्तप्रभू, एकावर अनसूयामाता. रेणुकेच्या डोंगराला लागून रामगडाचा किल्ला. गावापासून देवीचं मंदिर सुमारे अडीच किलोमीटर. दत्तशिखर त्याच्या पुढे आणि अनसूया त्याच्याही पुढे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ आपलं. परशुरामाने जमदग्नींना कावडीत घालून इथवर आणलं, इथेच अग्निसंस्कार केला आणि मातृतीर्थाची कथा इथलीच, हे आपण सगळे आईच्या कडेवर असल्यापासून ऐकत आलो. दत्तसंप्रदायाची श्रद्धा अशी की प्रभूंची दिवसभराची फेरी कुठेही होवो, रात्रीची झोप माहूरला. महानुभावांनाही हे स्थान तितकंच मोठं. फलटणचे चक्रपाणी प्रभू इथे आले आणि श्रीदत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला, असं त्यांची परंपरा सांगते.

आता या कथांमध्ये एक गोष्ट बघा. परशुराम कावड खांद्यावर घेऊन आले. चक्रपाणी फलटणहून आले. यातलं कुणीही पायथ्याशी गाडी लावून वर आलेलं नाही. ही स्थानं डोंगरावर आहेत, ती चढून जाण्यासाठी. चढणं हा दर्शनाचाच एक भाग होता. माझी माय नवरात्रात एक दिवस अनवाणी चढायची. खाली येऊन पाय धुताना म्हणायची, "देवी वर नाही भेटत गं, अर्ध्या पायरीवर भेटते. दम लागतो ना, तिथं." तेव्हा मला ते बायकांचं बोलणं वाटायचं. आज रोज पेशंटना 'चाला, चाला' म्हणून सांगते, तेव्हा त्याचा अर्थ कळतो.

आपल्या डोंगराच्या दगडाबद्दल दोन शब्द बोलते. आपल्या भूगोलाच्या सरांचं ऋण त्याशिवाय फिटणार नाही. दर श्रावणात ते नववीचा वर्ग गडावर न्यायचे आणि कड्यासमोर उभं करून विचारायचे, "काय दिसतं?" आपण म्हणायचो, "दगड." ते म्हणायचे, "नीट बघा, पायऱ्या दिसतात." खरंच डोंगराची बाजू पायरी-पायरीने वर गेलेली दिसते : एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला, अशा थरांनी दख्खनचं पठार बनलं. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, टणक उभा राहतो आणि जिना तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'डेक्कन ट्रॅप' वाचलं होतं. त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून तो आलेला आहे. म्हणजे देवीच्या पायऱ्या बांधायच्या कितीतरी आधी निसर्गाने इथे जिना घडवला होता. आपण त्या मोठ्या पठाराच्या पूर्वेच्या कडेजवळ राहतो. पुढे पूर्वेकडे जावं तसा हा काळा थर विरळ होत जातो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात.

या जिन्यावर साग, पळस, मोह, तेंदू, धावडा. श्रावणात सगळं हिरवं, फाल्गुनात पळस पेटलेला आणि वैशाखात नुसत्या काड्या. हे जंगल कोलाम, गोंड, आंध, बंजारा लोकांनी पायाखाली घातलेलं आहे. गोंड राजांच्या खुणा किल्ल्याशी जोडलेल्या आहेत. गावाजवळची पांडवलेणी याच काळ्या दगडात खोदलेली. म्हणजे कुणी हा दगड चढला, कुणी कोरला, कुणी त्यावर तटबंदी बांधली.

तटबंदीवरून आठवलं. आपल्या किल्ल्याचा हत्ती दरवाजा सगळ्यांनी पाहिला आहे, पण इतिहासातलं आपलं स्थान आपल्या लेकरांना फारसं माहीत नसतं. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळाला तेव्हा १६२३ च्या सुमारास तो माहूरला आला होता. इथले देशमुख उदाराम हे मुघलांचे मोठे सरदार. त्यांच्या घराण्यातली सावित्रीबाई पुढे 'रायबागन' म्हणून प्रसिद्ध झाली. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याकडून कोकणात उतरायला निघाला, तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत गाठलं. दोन्ही बाजूंना दाट जंगल, मधली वाट अरुंद, प्यायला पाणी नाही, पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त असं वर्णन आहे की रायबागनने खानाची कानउघाडणी केली आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो ऐकला आणि खंडणी देऊन जीव वाचवला. ती महाराजांच्या विरुद्ध बाजूला होती, हे खरंच. पण मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. सेनापतीला जे उमगलं नाही, ते माहूरच्या बाईला उमगलं, कारण तिला डोंगर माहीत होता. अरुंद चढणीवर माणसांची संख्या कामाला येत नाही, तीच संख्या अंगावर येते. हा मुद्दा मनात ठेवा, थोड्या वेळाने मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता थोडं भांडण करू. आपल्यातले पुण्याला राहणारे किती जण रविवारी सिंहगड चढतात? हात वर करा... बघा, दहा-बारा हात सहज आहेत. तुमच्या फोटोंनी आपल्या ग्रुपवर दर रविवारी सकाळी गर्दी असते. समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर उंच तो गड. आतकरवाडीतून निघणारी पायवाट, सहाशे मीटरच्या आसपासचा उभा चढ. पहाटे कात्रज-धायरीकडून गाड्या काढून हजारो लोक तिथे येतात. कुणी पन्नास मिनिटांत चढतो, कुणी दोन तासांत, आणि वर पिठलं-भाकरी, दही खाऊन खाली येतो. सिंहगडावर गाडीरस्ताही आहे, तरी लोक पायवाट सोडत नाहीत. १६७० साली ४ फेब्रुवारीच्या रात्री तानाजी मालुसरे त्या गडावर लढता लढता पडले, ही आठवण त्या पायवाटेने जिवंत ठेवली आहे. तिथे चढणारा माणूस वाटेत अनोळख्यालाही 'अजून थोडंच आहे' म्हणून धीर देतो. अशी ती एक रीत झाली आहे.

आणि तोच आपला मित्र माहूरला आला की काय करतो? गाडी थेट वर घेतो, दर्शन घेतो, तांबूल घेतो, दत्तशिखराला गाडीने जातो, अनसूयेला गाडीने जातो आणि दीड तासात तिन्ही उरकून जेवायला नांदेडला. पुण्यात ज्या पायांचा एवढा अभिमान, ते माहूरला आले की गाडीतच बसून राहतात. (हशा.) हसता आहात, पण मी हे गमतीने बोलत नाही. आपण चढायचं सोडलं म्हणून आपली लेकरं चढायची सोडतात. आणि लेकरांनी सोडलं की वाट मरते. पायवाटेला दुसरी कुठली डागडुजी नसते. तिच्यावर पाय पडत राहिले तरच ती वाट राहते. दोन पावसाळे कुणी गेलं नाही की घाणेरीची झुडपं दोन्हीकडून मिटतात, तिसऱ्या वर्षी पाण्याने घळ पडते आणि चौथ्या वर्षी गुराख्यालाही विचारावं लागतं.

आता माझ्या धंद्याचं बोलते. आपण सगळे पन्नाशी ओलांडलेले आहोत. सभागृहाच्या मागच्या भिंतीवर हार घातलेले फोटो लावले आहेत. आपल्याच वर्गातले आहेत ते. त्यांतल्या काहींना झटका आला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून 'चढा' असं नुसतं म्हणून मला बसता येणार नाही, कसं चढायचं ते सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट वेळेची. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला, तो आजही वापरतात : सपाटीला तासाला साधारण पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा धरा. समजा तीन किलोमीटर अंतर आणि दोनशे मीटर चढ आहे. अंतराची छत्तीस मिनिटं, चढाची वीस, म्हणजे छप्पन्न मिनिटं. हा तरण्या, सरावाच्या माणसाचा हिशेब. आपण त्यात निम्मा वेळ आणखी मिळवायचा. म्हणजे जवळजवळ दीड तास. वेळ आधीच मोकळा ठेवला की घाई होत नाही, आणि बहुतेक त्रास घाईतून होतो.

दुसरी गोष्ट चालीची. पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू चाला. बरेच जण पायथ्याशी शर्यत लावतात आणि पन्नास पायऱ्यांवर कठडा धरून बसतात. चालताना शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. यासाठी घड्याळ लागत नाही, यंत्र लागत नाही, मैत्रीण लागते. पाऊल लहान टाका, पूर्ण तळवा टेकवा. वाट फार उभी असेल तर नागमोडी चढा. चढणीवरच्या चालीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना असं आढळलं की चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, इतका चढ असलेल्या वाटेने उंची गाठताना सर्वांत कमी शक्ती लागते. त्याहून उभ्या वाटेने गेलं तर अंतर वाचतं, पण दम खर्च होतो. आपल्या गुराख्यांनी पाडलेल्या वाटा बघा, त्या उगाच वळणं घेत नाहीत.

तिसरी गोष्ट उतरण्याची. सगळे चढायला भितात. गुडघे मात्र दुखतात उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असताना अंगाचा भार अडवून धरतो आणि गुडघ्याच्या वाटीवर वजनाच्या तीन-चार पट दाब येऊ शकतो. म्हणून गुडघा थोडा वाकवून ठेवा, हातात काठी घ्या, पायरीवर उडी मारू नका. परवा दिवशी मांड्या दुखतील, त्याला औषध लागत नाही, चालत राहिलं की जातं.

चौथी गोष्ट मधुमेहाची, आणि ही कळकळीने सांगते. दरवर्षी नवरात्र संपलं की माझ्याकडे दोन प्रकारचे पेशंट येतात. पहिले, नऊ दिवस उपास करून साखरेच्या गोळ्या मात्र तशाच घेत राहिलेले. उपाशी पोटी गोळी आणि त्यावर चढण, म्हणजे साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी येते आणि लोक म्हणतात अंगात आलं. तोंडात साखर घातली की 'अंगातलं' दहा मिनिटांत उतरतं. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं प्रमाण बदलून घ्या आणि खिशात साखर, गूळ, चॉकलेट काहीतरी ठेवा. दुसरे पेशंट अनवाणी चढलेले. जुन्या मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते. दुपारचा काळा दगड तव्यासारखा तापतो, पाय भाजतो, पण कळत नाही. घरी येऊन पाहिलं की तळव्याला फोड. फोडाची जखम, जखमेची सूज आणि पुढे काय काय होतं, ते मी इथे सांगत नाही. माझ्या मायसारखं अनवाणी चढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना एकच सांगते : साखर असेल तर नवस बदलून मागा. आई ऐकते. मायेने तिच्या नऊ दिवसांत मला कधी जखमेची फी मागितली नाही.

पाचवी गोष्ट छातीची. चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा, खांदा, डावा हात भरून आला, थंड घाम सुटला किंवा दम नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर 'गॅस असेल' म्हणू नका. लगेच बसा, सोबत्याला सांगा, लाजू नका. ज्यांना आधी झटका येऊन गेला आहे, ज्यांचं बायपास किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी उद्या जीपच घ्यावी आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून पुढच्या वर्षीची तयारी सुरू करावी. यात कमीपणा काही नाही. आज रात्री मी माझं यंत्र घेऊन बाहेरच्या ओसरीवर बसणार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी आधी रक्तदाब दाखवून जावा.

आता रायबागनच्या मुद्द्याकडे परत येते. अरुंद चढण आणि गर्दी. साताऱ्याकडे वाईजवळ मांढरदेवी आहे, काळूबाईचा डोंगर. २५ जानेवारी २००५ ला तिथल्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. फोडलेल्या नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती, दोन्हीकडे दुकानं होती आणि मग आगही लागली. कुणी वाईट बुद्धीने काही केलं नव्हतं. सगळे देवीलाच निघाले होते. पण उतारावर एक घसरला की त्याच्यावर दहा पडतात.

आपल्याकडे दोन्ही नवरात्रं, दत्तजयंती आणि विशेष म्हणजे नारळी पौर्णिमेची परिक्रमा. श्रावणाचा पाऊस, चिखल, शेवाळलेले दगड, रात्रीचा प्रवास आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणातून आलेली अफाट गर्दी. लोक रात्रभर डोंगर-जंगलातून चालतात. ती आपली खरी पायवाटेची जत्रा आहे. ती टिकली आहे, याचा मला फार आनंद आहे. पण गर्दी येते ती बाहेरगावची. वाट कुठे निसरडी आहे, कुठे घळ आहे, अंधारात कोणत्या वळणावर माणूस भरकटतो, हे फक्त गावाला माहीत असतं. ज्या पिढीने त्या वाटेवर पाय ठेवला नाही, ती पिढी परिक्रमेच्या रात्री वाट दाखवायला उभी राहू शकत नाही. माझ्या बोलण्याचा गाभा हा आहे. चढण हा आपला नुसता व्यायाम नाही. आपल्या गावाची ती जोखीमही आहे आणि जबाबदारीही आहे.

मंदिरासाठी लिफ्ट आणि स्कायवॉकची योजना आहे. मी त्याच्या विरोधात नाही. सप्तशृंगीला २०१८ पासून चढणीची ट्रॉली सुरू झाली आणि कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर्षांनुवर्षांनी दर्शन झालं. माझ्या मायला शेवटची पाच वर्षं गुडघ्यांमुळे वर जाता आलं नाही. ती खिडकीतून कळसाकडे हात जोडायची. तेव्हा लिफ्ट असती तर मी तिला रोज नेलं असतं. पण लिफ्ट ज्यांना पाय नाहीत त्यांच्यासाठी. ज्यांना पाय आहेत त्यांनी ती जागा अडवू नये, इतकंच माझं म्हणणं.

मग करायचं काय? मी तीन सूचना मांडते. मंजूर करायच्या की नाहीत, ते तुम्ही उद्या वर बसून ठरवा.

पहिली, दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी माजी विद्यार्थी आणि शाळेचा नववीचा वर्ग मिळून गड चढावा. आपले सर न्यायचे तसाच. एका मुलाच्या जोडीला एक आपल्यातला. मुलाने आपल्याला वाट दाखवायची, आपण त्याला दगड, झाड, किल्ला सांगायचा. दोघांनाही दम लागेल, तेवढंच बरं.

दुसरी, गुराख्यांना, परिक्रमेतल्या जुन्या मंडळींना आणि कोलाम-आंध वाड्यांतल्या जाणत्यांना सोबत घेऊन प्रत्येक पायवाटेचं, वळणाचं, पाण्याच्या जागेचं गावातलं नाव लिहून काढावं. शासनाच्या नकाशावर ही नावं नाहीत. ती चार-पाच म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत. शाळेच्या मुलांनी एका वहीत ती लिहिली तर पुढच्या पिढीकडे तेवढी तरी शिदोरी राहील. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवू.

तिसरी, चढताना प्रत्येकाने एक रिकामी पिशवी न्यावी आणि उतरताना भरून आणावी. पाण्याच्या बाटल्या, पुड्यांचे कागद, नारळाच्या करवंट्या, फुलांच्या प्लॅस्टिक पिशव्या. वानरांना बिस्किटं घालू नयेत. वानर माणसाच्या हातातली पिशवी ओढायला शिकतं, आणि पायरीवर पिशवी ओढली की म्हातारी माणसं तोल जाऊन पडतात. असे मोडलेले मनगट घेऊन आलेले पेशंट मी पाहिलेले आहेत.

या तिन्हीला फंड लागत नाही, अध्यक्ष लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही. म्हणून मला यशाची थोडी आशा आहे. (हशा.)

उद्याचं सांगते आणि थांबते. पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकाशी जमायचं. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेली चप्पल. प्रत्येकी एक लिटर पाणी, थोडं मीठ-साखर-लिंबू. निघण्याआधी पोहे खाऊन घ्या, उपाशी कुणी येऊ नये. ज्यांना औषधं आहेत त्यांनी ती घेऊनच यावं. सर्वांत हळू चालणारा पुढे राहील आणि सगळ्यांनी त्याच्या वेगाने चालायचं. सगळ्यांच्या शेवटी मी असेन, माझ्या पिशवीसकट. जीपा दोनच ठेवू, गुरुजनांसाठी आणि ज्यांना मी आज रात्री जीपमध्ये बसायला सांगेन त्यांच्यासाठी. रुसायचं नाही.

वर पोहोचल्यावर तांबूल मिळेल. खलबत्त्यात कुटलेला तो विडा चढून गेल्यावर जसा लागतो, तसा जीपमधून उतरल्यावर लागत नाही. पटत नसेल तर उद्या खाऊन बघा.

आई रेणुकेचा उदो.